पंखांची सुसर

"ही पंखांची सुसर हाय व्हय?"

आजीनं विचारलं तेव्हा पडद्यावर गाव जळत होतं. समुद्रातलं कुठलंसं बेट, काळोखी रात्र, मेंढरं उचलून नेणारे ड्रॅगन आणि त्यांच्यामागं कुऱ्हाडी घेऊन धावणारे दाढीवाले गडी. माझा भाचा सोन्या, वय वर्षं दहा, त्यानं "मोठ्या आजी, ड्रॅगन म्हणतात त्याला" असं तीनदा समजावून सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुढचा दीड तास ती त्याला सुसरच म्हणत राहिली.

माझं माहेर कृष्णाकाठचं. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यातलं. आमच्याकडं मगरीला सुसर म्हणतात. पुस्तकातली सुसर वेगळी, लांब निमुळत्या तोंडाची, आणि ती आमच्या नदीत नाही, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण गावाचा शब्द पुस्तकाला विचारून बदलत नाही. पाण्यात राहते, काठावर ऊन खाते, जबडा उघडून पडते ती सुसर. तिला पंख फुटले की ती पंखांची सुसर. आजीचं नाव मला ड्रॅगनपेक्षा चांगलं वाटलं. ड्रॅगन म्हटलं की डोळ्यांसमोर परदेशी चित्र येतं. सुसर म्हटलं की आमचा घाट येतो.

भोगीची रात्र होती. दुपारची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी रात्रीही पुरली होती. बाहेर रस्त्यावरून उसाच्या जोड ट्रॉल्या कारखान्याकडं निघालेल्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. सोप्यातल्या नव्या टीव्हीवर पोरांनी 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' लावला. २०१० सालचा, पहिला, चित्रांचा. सोन्यानं गेल्या वर्षी जूनमध्ये माणसं घेऊन केलेला नवा सांगलीत पाहिला होता आणि माझ्या लेकीला, चिऊला, जुना माहीतच नव्हता. त्यांचा आपसात वाद होता की कुठला भारी. तो मिटवायला म्हणून बसलो आणि सगळं घरच बसलं. अण्णा तेवढे जेवण झालं की झोपणारे, ते झोपले. आजी, आई, चुलते तात्या, दादा, वहिनी, दोन पोरं आणि मी.

गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बर्क नावाच्या बेटावरची माणसं पिढ्यानपिढ्या ड्रॅगनशी लढतात. तिथल्या सरदाराचा, स्टॉइकचा, मुलगा हिकप. अंगानं किडकिडीत, लढाईत निरुपयोगी, लोहाराच्या भट्टीवर हाताखाली राबणारा. तो स्वतः बनवलेल्या यंत्रानं अंधारात एक ड्रॅगन पाडतो. तोही कुणी कधी नीट न पाहिलेला, काळा, विजेसारखा. सकाळी मारायला जातो आणि त्याला मारता येत नाही. बांधलेल्या दोऱ्या कापून सोडून देतो. पुढं दोघांची दोस्ती होते, गावाला कळतं, बाप तोडून टाकतो, शेवटी मोठी लढाई. एवढीच गोष्ट. अशा गोष्टी आपण पुष्कळ पाहिल्यात. पण आमच्या सोप्यातल्या प्रत्येकानं त्या रात्री वेगळाच सिनेमा पाहिला, आणि तेच मला दोन महिने झाले तरी सोडवत नाहीये.

सिनेमा इंग्रजीत होता. सोन्या आजीला मराठीत सांगत होता, घाईघाईनं, वाक्य अर्धं टाकून. माणसं बोलायला लागली की आजी कंटाळून दाराकडं बघायची. पण तो काळा ड्रॅगन, टूथलेस, पडद्यावर आला की ती सरळ व्हायची. मला जरा उशिरानं लक्षात आलं की तो बोलतच नाही. क्रेसिडा कॉवेल यांच्या ज्या पुस्तकावरून हा सिनेमा घेतलाय, २००३ च्या, त्यात ड्रॅगनांना भाषा आहे आणि हिकपला ती येते. पुस्तकातला टूथलेस तर छोटासा, हिरवा, हट्टी. सिनेमा करणाऱ्यांनी, ख्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉइस या दोघांनी, ड्रॅगनची जीभ काढून घेतली आणि त्याला डोळे, कान, मान, शेपूट दिली. मांजर कसं रुसतं, कुत्रं कसं ओशाळतं, तसं. त्यामुळं आमच्या घरात त्याला सगळ्यांत चांगलं कोण समजलं असेल, तर इंग्रजीचं अक्षर न येणारी पंच्याऐंशी वर्षांची बाई.

मधलं एक दृश्य आहे. ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. हिकपच्या यंत्रानं टूथलेसच्या शेपटीच्या टोकाचा एका बाजूचा पंख तुटलाय, त्यामुळं त्याला उडता येत नाही. खोल दरीतल्या तळ्याकाठी तो अडकलाय. हिकप मासा घेऊन जातो. ड्रॅगन गुरगुरतो, कारण पोराच्या कमरेला सुरी आहे. पोरगं सुरी काढतं आणि पाण्यात टाकतं.

"सुरी टाकली. आता वाचतंय पोरगं," आजी म्हणाली.

मग ड्रॅगन मासा खातो आणि अर्धा ओकून पोराच्या मांडीवर ठेवतो. तू पण खा. चिऊ "ईऽऽ" करून माझ्या कुशीत शिरली, पण तिचे डोळे पडद्यावरच. पोरगं ओकारी गिळत एक घास खातं. त्यानंतर कितीतरी वेळ कुणीच बोलत नाही, फक्त जॉन पॉवेल यांचं संगीत. हिकप काठीनं वाळूत ड्रॅगनचं चित्र काढत बसतो. ड्रॅगन मागून बघतो, जातो, एक झाडच तोंडात धरून आणतो आणि तोही वाळूत रेघोट्या ओढायला लागतो. नुसत्या वेड्यावाकड्या रेघा, सगळीकडं. हिकप उठतो, बघतो आणि चुकून एका रेघेवर पाय देतो. गुरगुर. पाय उचलतो. ड्रॅगन शांत. पुन्हा देतो. गुरगुर. मग तो रेघा चुकवत, गोल फिरत, नाचल्यासारखी पावलं टाकत येतो आणि वळतो तर थेट ड्रॅगनच्या नाकासमोर. हात पुढं करतो. ड्रॅगन दात दाखवतो. तेव्हा तो पोरगा मान फिरवतो, डोळे मिटतो आणि हात तसाच पुढं धरून उभा राहतो.

सोप्यात चिडीचूप झालं. बाहेरनं एक ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणंही कुणाच्या कानांत शिरलं नाही. पडद्यावर ड्रॅगननं नाक त्या तळव्याला लावलं.

मी या दृश्यावर फार विचार केलाय. अनोळखी जनावराकडं रोखून बघायचं नसतं, हे आमच्याकडं लहानपणीच शिकवतात. नव्या बैलापाशी जाताना बाजूनं जायचं, नजर खाली ठेवायची, आधी हात हुंगू द्यायचा. हिकप तेच करतो. तिथं तो शूर नाही. त्यानं फक्त एवढं ठरवलंय की पुढचं पाऊल आता समोरच्याचं. रेघ ज्यानं ओढली त्याचीच, आपण ती ओलांडायची नाही, चुकवून जायची. लहान मुलांच्या सिनेमांत मैत्री नेहमी मिठीनं सुरू होते. इथं ती रेघ पाळण्यानं सुरू झाली. मला हा सिनेमा आवडतो तो या चार मिनिटांसाठी.

दादाला मात्र नाही आवडला.

दादा आमची नदीकाठची शेती बघतो. ऊस, थोडी हळद. नदीवर मोटर आहे. शेतीची वीज आठवड्याच्या पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत त्याला दोन वाजता उठून काठावर जावं लागतं. थंडीत, धुक्यात, एका हातात बॅटरी. पाण्यावर उजेड मारला की कधी कधी दोन निखारे दिसतात. न हलणारे. त्यानं मला एकदाच नेलं होतं दाखवायला. मी त्या रात्री झोपले नाही, आणि तो मात्र दर पंधरा दिवसांनी जातो. दोन वर्षांमागं आमचं कुत्रं त्याच काठावरनं गेलं. त्याच्यादेखत.

"त्या पोराचा बाप काय चुकलाय?" दादा म्हणाला. "मेंढरं न्यायला लागलेत, घरं जाळायला लागलेत. त्यानं काय हात फिरवत बसायचं?"

चिऊ म्हणाली, "पण मामा, तो चांगला ड्रॅगन आहे."

"तुला दिसला चांगला. त्याला कुठं दिसलाय अजून?"

मला त्याचं पटलं. आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहणारी माणसं. आयर्विन पुलावरनं जाताना नदीत मगर दिसली की गाडी थांबवून फोटो काढतो आणि सगळ्यांना पाठवतो. मगर वाचली पाहिजे असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी आम्हाला काहीच द्यावं लागत नाही. औदुंबरपासून ब्रह्मनाळ, डिग्रज, हरिपूरपर्यंत जो काठ आहे, त्यावर धुणं धुणारी, जनावरं पाण्यावर नेणारी, मोटर चालू करायला जाणारी माणसं ते देतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. मारायची सोय नाही, आणि मारावी असं दादाही कधी म्हणालेला नाही. त्याची मागणी फार साधी आहे. नदीवरच्या मोटारींना रात्रीऐवजी दिवसा वीज द्या.

सिनेमात स्टॉइक वाईट नाही, हे मी आधीही पाहिलं होतं. पण त्याच्या भीतीला कारण आहे, हे दादाच्या शेजारी बसल्यावर दिसलं. त्या गावात ड्रॅगनांची पोथी आहे. पानोपानी एकेका जातीचं चित्र, माहिती आणि शेवटी एकच सूचना, दिसताक्षणी मारा. टूथलेसच्या जातीचं पान मात्र कोरं. चित्र नाही, आकार माहीत नाही, वेग माहीत नाही. लपा आणि देवाचं नाव घ्या, एवढंच. हिकप आपल्या वहीतलं, स्वतः काढलेलं चित्र त्या कोऱ्या पानावर ठेवतो. सोन्यानं ते आजीला सांगितलंच नाही, त्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही. मला वाटतं, ज्यांनी पोथी लिहिली ते खोटं लिहीत नव्हते. ते पळत होते, आणि पळता पळता जेवढं दिसलं तेवढं त्यांनी लिहिलं. हिकपला थांबून बघायला मिळालं, कारण समोरचा जखमी होता. ती जखम त्यानंच केलेली.

पुढं हिकप ड्रॅगनच्या पाठीवर बसून त्यांच्या घरट्यापर्यंत पोचतो. डोंगराच्या पोटात धूर, धुकं, हजारो ड्रॅगन, आणि सगळे आणलेली मेंढरं, मासे एका खाईत टाकतायत. खाली त्यांची राणी बसलीय, डोंगराएवढी. ज्यानं कमी आणलं त्यालाच ती गिळते. म्हणजे लूट ही त्यांची हौस नव्हती, भरणा होता.

वहिनी इतका वेळ तिळगूळ वळत होती. हातातला लाडू तसाच ठेवून म्हणाली, "म्हणजे ह्यांनाबी मुकादम हाय."

त्या वेळी आमच्या घरामागच्या फडात तोडकऱ्यांच्या कोप्या पडलेल्या होत्या. बीडकडची माणसं. मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेली, आणि उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही अशी. पहाटे चारला त्यांच्या चुली पेटतात. वहिनी त्यांच्यातल्या बाळंतिणीला रोज ताक देते. तिनं जे म्हटलं ते मी आजवर या सिनेमाबद्दल कुणाकडनं ऐकलेलं नाही, आणि त्यापेक्षा नेमकं मला अजून सुचलेलं नाही. दादासुद्धा थोडा हलला. "मग असं आहे तर," एवढंच म्हणाला आणि मांडी बदलून बसला.

घरटं दिसलं तेव्हा आजीनं विचारलं, "ह्यात पिल्लं कुठायत?"

पिल्लं नव्हती दाखवली. सोन्याला उत्तर देता येईना. मग आजीनं स्वतःचं सांगायला सुरुवात केली आणि आम्ही सिनेमा थांबवला. मला ती गोष्ट माहीत होती, पोरांना नव्हती. आजी लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची. पावसाच्या तोंडाला, मृग निघायच्या आधी, एका पहाटे ती घाटावर पाण्याला गेली. पलीकडं वाळूच्या दांड्यावर सुसर. तिनं वाळू उकरली, तोंड खाली घातलं, वर काढलं तेव्हा जबड्यात पिल्लू. शेपूट बाहेर लोंबतंय. आजी कळशी टाकून पळाली. सुसर आपलीच पोरं खाते, हे तिनं घरी सांगितलं, सासूनंही होकार भरला, आणि आमच्या घरात पुढं सगळ्यांनी तेच ऐकलं. पोटच्या पोराला त्रास देणाऱ्या बाईला आमच्या घरात 'सुसर' म्हणायचे.

मगर आपली पिल्लं खात नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला ती काठाच्या वाळूत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि वरनं माती लोटते. दोनेक महिने आसपास राखण करते. पिल्लं तयार झाली की अंड्याच्या आतूनच आवाज देतात. तो ऐकून आई वाळू उकरते, फुटत नसलेलं अंडं जिभेवर घेऊन हलक्यानं दाबते आणि निघालेलं पिल्लू जबड्यात धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या दातांनी ती रेडकाचा पाय मोडते, त्याच दातांमध्ये. हे मी आजीला दहा-बारा वर्षांपूर्वी वाचून दाखवलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नव्हती. मग म्हणाली होती, "आणि म्या तिला जन्मभर शिव्या दिल्या."

आता पोरांना गोष्ट सांगताना शेवट तिनं स्वतः केला. "ती पाण्याला नेत हुती पोरास्नी. माझ्यावाणीच. मी पाण्याला गेल्ते, तीबी पाण्यालाच."

चिऊनं विचारलं, आता तो वाळूचा दांडा आहे का. नाही. वाळू गेली. ट्रकांनी गेली, घरांच्या स्लॅबांत गेली, आमच्याही घराच्या स्लॅबात गेली. अंडी घालायला जागा शोधत मगर आता मळीच्या रानात वर येते, आणि आपण म्हणतो, मगरी शेतात घुसायला लागल्या.

सिनेमा पुन्हा सुरू केला.

आता शेवट. लढाईत राणी मरते आणि त्या आगीच्या लोळात हिकप टूथलेसच्या पाठीवरून निसटतो. सगळ्यांना वाटतं, गेला. टूथलेस त्याला पंखांत गुंडाळून धरून खाली आलेला असतो. पुढच्या दृश्यात हिकप आपल्या घरात, अंथरुणावर जागा होतो. उठून बसतो. पाय खाली सोडतो. एक पाऊल माणसाचं आणि दुसऱ्या जागी लाकूड, लोखंड आणि स्प्रिंग. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेलाय.

आईनं झटकन रिमोट उचलला.

"पोरांच्या सिनेमात असलं कशाला दाखवतात?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो राग होता तो सिनेमावरचा नव्हता. तिनं तात्यांकडं बघितलं नाही. आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही.

तात्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. मी सहावीत होते. असाच गळिताचा हंगाम, रात्रीची वेळ, ट्रॉलीची पिन घालायला ते ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये उभे होते आणि ट्रॅक्टर मागं सरकला. मिरजेला नेलं. पाय वाचला नाही. त्यानंतर आमच्या घरात एक पद्धत पडली, जी कुणी ठरवलेली नव्हती. पायाबद्दल बोलायचं नाही. लंगडा, पांगळा हे शब्द म्हणींतसुद्धा वापरायचे नाहीत. रात्री तात्या पाय काढून खाटेशेजारी उभा करतात, तर त्या बाजूनं कुणी जायचं नाही. चिऊला तर लहानपणापासून त्याची भीती वाटायची. तात्याआजोबा तिचे लाडके, पण झोपायच्या वेळी ती त्यांच्या खाटेला वळसा घालून जायची, भिंतीला चिकटून.

"राहू दे वहिनी," तात्या आईला म्हणाले. "बघू दे मला."

पडद्यावर हिकप उठून उभा राहतो. पहिलं पाऊल, दुसरं, आणि लोखंडी पायावर तोल जातो. टूथलेस डोकं पुढं करून त्याला तोलतो. दोघं तसेच दारापर्यंत जातात. एकाच्या शेपटीला पोरानं शिवलेला पंख आणि दुसऱ्याच्या पायाला लोहारानं घडवलेलं पाऊल. त्या शेपटीच्या पंखाला एक पॅडल आहे, ते हिकपनं पायानं दाबलं तरच टूथलेस उडू शकतो. आता तेच पॅडल तो नव्या लोखंडी पायानं दाबणार. बाहेर सारं गाव आणि ड्रॅगन एकत्र. बाप येतो, लोहार येतो, थट्टा करतात, खांद्यावर थाप मारतात.

संपलं. नावं सुरू झाली. तात्या म्हणाले, "चांगला काढलाय."

आम्ही गप्प.

"त्या पोराला कुणी 'अरेरे' म्हणालं नाही. बघितलं का? सगळं गाव दारात, पण कुणी तोंड पाडून उभं नाही." मग थोड्या वेळानं, जाणकारानं बोलावं तसं, "लोहारानं पाय बरा केलाय. पण त्याला घोटा नाही. बर्फात घसरणार ते पोरगं. खाली रबर पायजे."

तात्या वापरतात तो जयपूर फूट. त्याची गोष्ट मला फार प्रिय आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर प्रमोद करण सेठी हाडांचे सर्जन होते, आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर. शाळा फारशी शिकलेले नाहीत, पण हातांत कला. परदेशी बनावटीचा पाय बुटाशिवाय घालता यायचा नाही, मांडी घालता यायची नाही, उकिडवं बसता यायचं नाही. शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? तो चिखलात अनवाणी जाणार. मग रबर, लाकूड वापरून, टायरच्या कारागिरीतून शिकत, या दोघांनी असा पाय घडवला की त्याचा घोटा वळतो, बोटं दिसतात, तो भिजला तरी चालतो. डॉक्टर सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तात्या तोच पाय घालून हळदीला पाणी देतात, बांधावर उकिडवे बसून तंबाखू मळतात. बर्कच्या लोहाराला तात्या जे कमी सांगत होते, ते जयपूरच्या कारागिराला कळलेलं होतं.

मूळ पुस्तकात हिकपचा पाय जात नाही. सिनेमा करणाऱ्यांनी तो घेतला, आणि मला वाटतं, इथं ते गोष्टीशी सगळ्यांत जास्त इमानदार राहिले. ड्रॅगनचं जे मोडलं ते पोरानं मोडलं होतं. ते फुकट मिटलं असतं तर दादाचं म्हणणंच खरं ठरलं असतं, की चांगुलपणा दाखवणाऱ्यांना काही द्यावं लागत नाही. आईला हा शेवट आजही मान्य नाही. मी सांगलीला परत आल्यावर फोनवर पुन्हा म्हणाली, "पाय राहिला असता तर काय बिघडलं असतं?" तिनं तात्यांना मिरजेच्या दवाखान्यात चाळीस दिवस डबा नेलाय. तिला त्या प्रश्नाचा हक्क आहे.

पोरांचा वाद मात्र मिटला नाही. सोन्याला नवाच सिनेमा भारी वाटतो, कारण "त्यात सगळं खरं दिसतं". तोही डेब्लॉइस यांनीच काढलाय, बापाचं काम चित्रांच्या सिनेमात ज्यांचा आवाज होता त्या जेरार्ड बटलर यांनीच केलंय, आणि पुष्कळ प्रसंग जसेच्या तसे आहेत. चिऊ म्हणाली, चित्रातला जास्त खरा, कारण त्याच्या डोळ्यांत बघता येतं. मी चिऊच्या बाजूची. जुन्या सिनेमाच्या उजेडासाठी त्यांनी रॉजर डीकिन्स यांच्यासारख्या जाणत्या छायाचित्रकाराचा सल्ला घेतला होता. म्हणून तिथं रात्र ही रात्रच आहे, आणि घरात एक दिवा असेल तर तेवढाच उजेड आहे. आमच्या सोप्यातही त्या वेळी टीव्हीशिवाय दुसरा उजेड नव्हता.

रात्री साडेअकराला सगळे उठले. वहिनीनं तिळगुळाचं ताट झाकलं. आजीला आईनं हात धरून आत नेलं. जाताना ती म्हणत होती, सुसरीला मासा दिला ते बरं केलं, उपाशी जनावर कसं ऐकंल. मी अंथरुणं घालत होते.

तात्यांनी नेहमीसारखा खाटेवर बसून पट्टा सोडला, पाय काढला आणि खाटेच्या पायाशी उभा केला. चिऊ आंघोळीच्या घराकडनं आली. भिंतीपर्यंत गेली, नेहमीसारखी. मग थांबली.

खाटेपासून तीनेक फुटांवर येऊन ती उभी राहिली. मी चादर हातात धरून दारातच राहिले. तिनं तात्यांकडं बघितलं नाही, पायाकडंही नाही. मान फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड केलं, डोळे घट्ट मिटले आणि उजवा हात पुढं धरला. हात हलत होता.

तात्यांनी पाय उचलला आणि ते रबराचं पाऊल अलगद तिच्या तळव्याखाली सरकवलं.

थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग डोळे न उघडता म्हणाली, "गरम आहे."

"दिवसभर चाललोय की त्याच्यावर," तात्या म्हणाले.